परक्या वाड्यांतील फडताळ

इ. स. २००८ च्या दिवाळींत आम्हीं आमच्या तीर्थरूपांचीं १४२ जुनीं छायाचित्रें संगणकावर उतरवून घेतलीं. बंधू न्यू जर्सींत, भगिनी नागपुरास, मातोश्री साताऱ्यास. सर्वांना तीं दाखवावीं कशीं? ई-मेलला जोडावीं, तर पांचसहा चित्रांतच पत्र जड होऊन परत येई. तबकड्या टपालानें धाडाव्या, तर त्या फुटत. अशा वेळीं एका विद्यार्थ्यानें आम्हांला वेब-ऑपरेटिंग सिस्टीम नांवाचें नवें प्रकरण दाखविलें.

आज हें नांव फारसें कोणाला आठवणार नाहीं. कल्पना मात्र मोठी सुटसुटीत होती. आपल्यापुढचा संगणक ही नुसती खिडकी. मेज, कपाटें, त्यांतील कागद, सारें दूरच्या एका यंत्रावर. परवलीचा शब्द दिला कीं कोणत्याही गांवीं आपलेंच मेज उघडावें. पाठवावयाचें कांहींच नाहीं; ज्याला दाखवावयाचें त्याला त्या कप्प्याची किल्ली द्यावी, झालें! बार्सिलोनाजवळच्या कांहीं तरुणांनीं २००५ मध्यें 'आय-ओएस' काढली (हा 'आय' म्हणजे डोळा, ॲपलचा नव्हे). 'घोस्ट' नांवाच्या दुसरीचे कारागीर पॅलेस्टाइनमधील रामल्लाह व इस्रायलमधील मोदीइन या दोन गांवीं बसत. अंतर विसेक किलोमीटरांचें, पण परवान्यांच्या निर्बंधांमुळें भेट दुर्घट; म्हणून ते कधींमधीं जेरिकोजवळच्या रस्त्यावरील कॉफीच्या दुकानांत जमत. ज्यांना परस्परांच्या दारीं जातां येत नव्हतें, ते जगाला परस्परांच्या घरांत डोकावण्याची सोय करून देत होते! तो उद्योग २०१० मध्यें बंद पडला.

आम्हीं ज्या वाड्यांत बिऱ्हाड केलें तो निराळा. तेथें चित्राखालीं चार ओळी लिहिण्याची सोय होती. मातोश्रींना संगणकाचें वावडें. पण शेजारचा मुलगा रोज सायंकाळीं एकेक चित्र लावी आणि त्या सांगत तें टिपून ठेवी. "हे वाईचे भाऊकाका, ह्यांची मॅट्रिकची फी त्यांनींच भरली." हें आम्हां तिघांही भावंडांना तोंवर ठाऊक नव्हतें! पांचएक महिन्यांत १४२ चित्रांना नांवें-गांवें मिळालीं.

पुढें एके दिवशीं मालकांची सूचना आली : तीस दिवसांत जागा सोडावी. आम्हीं चित्रें उतरवून घेतलीं. तीं सुखरूप आलीं. मातोश्रींच्या ओळी आल्या नाहींत. चित्र ही आमची वस्तु होती, तिच्याखालची ओळ ही मालकांच्या वहींतील नोंद, हा भेद आम्हांला मागाहून उमगला. तरी सारा दोष मालकांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. त्या तीस दिवसांत आम्हांला त्या हातानें उतरवून घेतां आल्या असत्या. मेजावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, आणि मातोश्री आहेतच, पुन्हां विचारूं, असें आम्ही म्हणालों.

मातोश्री २०१३ मध्यें निवर्तल्या.

कल्पना कांहीं मेली नाहीं. २०११ पासून विकलें जाणारें क्रोमबुक बव्हंशीं तिच्यावरच चालतें, आणि आमची कन्या बोटाच्या एका स्पर्शानें शंभर चित्रें चार गांवीं दाखविते. गेल्या महिन्यांत तिनें वाईचें तें चित्र सर्वांना दाखविलें. त्यांत पागोटें घातलेले दोन गृहस्थ आहेत. भाऊकाका कोणते, असें तिनें विचारलें. बंधू म्हणतात, उभे आहेत ते. भगिनी म्हणते, खुर्चीवरचे.