कोण कुणाशेजारी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि माझा पहिला आठवडा माणसं बसवण्यात जातो. पोरांना आपल्या मनानं बसू दिलं, की सगळं गाव जसंच्या तसं बसकरपट्टीवर उतरतं. भावकी भावकीजवळ, वरची वस्ती वरच्या वस्तीजवळ, मुली भिंतीकडे, आणि मामाच्या गावाला शिकायला आलेलं एकटं पोर दाराशी. गावाला बसायची ही रीत ठीक असेल, वर्गाला ती चालत नाही. म्हणून हजेरी झाली की मी कुणाला उठवतो, कुणाला सरकवतो, आणि आठवडाभर रुसवेफुगवे ऐकून घेतो.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी असे चार वर्ग, दोन खोल्या, दोन गुरुजी. प्राथमिकच्या साठ मुलांपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं दोन शिक्षक ठरवून दिलेत, आणि आमच्या वस्तीचा पट काही साठाच्या वर जात नाही. म्हणजे जोडवर्ग कायमचाच. बऱ्याच शाळांत पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे अशी वाटणी असते. आम्ही पहिलीला चौथी आणि दुसरीला तिसरी जोडली. केंद्रावर शिक्षण परिषद असली किंवा मतदारयादीचं काम निघालं, की उरलेल्या एका गुरुजीच्या अंगावर चारही वर्ग पडतात. सरळ हिशेब केला तर मुलाच्या वाट्याला गुरुजी फार तर अर्धा दिवस येतो. शेजारी मात्र पूर्ण दिवस येतो. मग शेजारी निवडण्यात एक आठवडा घातला, तर तो वाया कसा म्हणायचा?

हुशार मुलाशेजारी कच्चं मूल बसवावं असं सगळे सांगतात. करून बघितलं की कळतं, हुशार पोराला धीर नसतो. त्याला उत्तर दिसत असतं आणि शेजारच्याची बोटं अजून मोजत असतात. शेवटी तो पाटी ओढून घेतो, स्वतःच गणित सोडवतो आणि परत ढकलतो. दोघं खूश, पाटीवर बरोबरची खूण, आणि शिकलं कुणीच नाही. त्यापेक्षा नुकतंच कुठं जमायला लागलंय असं पोर शेजारी द्यावं. गेल्या आठवड्यात आपण कुठं अडलो होतो ते त्याला अजून आठवत असतं. मला ते आठवत नाही. वजाबाकी अवघड वाटण्याचे दिवस माझ्या डोक्यातून केव्हाच पुसले गेलेत.

दुसरी गोष्ट आवाजाची. पाहुणे साहेब शाळेवर आले की वर्ग शांत असावा, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. जोडवर्गात शांतता असली की मला धास्ती वाटते. निम्मी पोरं पेंगत तरी असतील, नाहीतर खिडकीतून करडं मोजत असतील. कामाचा गलका आणि रिकामा गलका कानाला वेगळे लागतात. कामाचा गलका खालच्या पट्टीत असतो, मध्येच एखादं “आसं न्हाई रे” ऐकू येतं, मग परत कुजबूज. रिकामा गलका एकदम चढतो, आणि त्यात कुणाचं तरी नाव सारखं घेतलं जात असतं. चौथीचा फळा लिहिताना माझी पाठ पहिलीकडे असते, पण कान तिकडेच असतात.

दिवाळीच्या आगेमागे वर्गाची घडी मोडते. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, कुणी थेट कर्नाटकात. आजी-आजोबा मागं असतील तर पोरं त्यांच्याजवळ राहतात, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर त्यांचं भागतं. मागं कुणी नसलं तर पोरं आईबापांबरोबर त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जातात. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. पण फड आज इथं, महिन्यानं दुसऱ्या शिवारात. लहान भावंडाला सांभाळायचं कामही त्याच पोराकडे. शाळेनं मुलांच्या मागं जायचं, हे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढून दाखवून दिलं होतं. आमच्याकडे शाळा जागेवर राहते आणि पोरं हलतात. दिवाळीनंतर मी पुन्हा सगळ्यांना उठवतो, भोकं बुजवतो, नव्या जोड्या लावतो.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की पोरं परत येतात. वर्ग पुढं गेलेला असतो, ती मागं राहिलेली असतात, असं कागदावर तरी दिसतं. यंदा तिसरीतला एक पोरगा हंगामाहून आला तेव्हा दुसरीची पोरं हातच्याच्या वजाबाकीशी झटत होती. मी त्याला मुद्दाम त्यांच्यात बसवलं, कारण हातचा त्याचाही कच्चा होता. शेजारी दुसरीतली एक मुलगी. बावन्नातून सतरा वजा करायचे होते. तिनं पाटीवर आधी पंचवीस लिहिले. ही चूक दरवर्षीची. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, हात तेच आधी लिहितो. म्हणून तर बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची रीतही आणली. तेव्हा त्यावर पुष्कळ थट्टा झाली, पण पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या कुणी ती केली नाही. त्या पोरानं पाटी नीट केली. मग तिनं दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या, आणि थांबली. दोनातून सात जाईनात.

“मोळी सोड की,” तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एका जुडीचं रबर काढलं, दहा काड्या सुट्या दोन काड्यांत मिसळल्या. “आता हाईत बारा. काढ सात.” पाच उरल्या. राहिलेल्या चार जुड्यांतून तिनं एक बाजूला केली. तीन जुड्या आणि पाच. पस्तीस. पुढच्या गणिताला तिनं त्याच्याकडे न बघता रबर काढलं.

फडावर बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावरून गाडीत चढतात. बांधलेलं सोडता येतं आणि सोडलं तरी ऊस तेवढाच राहतो, हे त्या पोरानं हंगामभर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला येत नव्हती ती मांडणी. तिला सांगता सांगता तीही आली. त्या दिवसापासून आमच्या दुसरीत दशकाला मोळी म्हणतात, आणि मी तो शब्द बदलायला गेलो नाही.

दुपारी पंगत बसते. पोषण आहाराची योजना 1995 साली सुरू झाली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेत चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या पोराला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, त्याबरोबर डाळ किंवा उसळ. या बदलाची चर्चा पोषणाच्या अंगानं झाली, ती व्हायलाच हवी. पण तांदूळ घरी जात होता तेव्हा जेवण ज्याच्या त्याच्या घरातच राहत होतं. शाळेत शिजायला लागल्यावर पोरं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून जेवायला लागली. मावशी खिचडी उतरवतात, चौथीची पोरं वाढतात, आणि पंगत वर्गात बसलेल्या क्रमानंच बसते. कोण कुणाशेजारी बसलंय हे पारावरून दिसतं. कधीमधी कुणाचे आजोबा फाटकाशी येऊन थांबतात, नातवाच्या शेजारी कोण आहे ते बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, “या आबा, चव घ्या खिचडीची.” कुणी घेतात, कुणी काम आहे म्हणून निघून जातात. पोराची जागा मात्र बदलत नाही.

2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदीही लिहाव्या लागू लागल्या. विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. या रकान्यांत ‘इतरांना मदत करतो’ हे वाक्य इतक्या वेळा उतरवलं जातं, की ते वाचायला कुणी थांबत नाही. मुलाबद्दल काही सुचलं नाही की हे लिहायचं, असा रिवाजच पडलाय. मला ती फार जबाबदारीची नोंद वाटते. काय मदत केली, कुणाला केली, आणि त्यात त्याचं स्वतःचं काय पक्कं झालं, हे लिहायचं तर वर्षभर बघत राहावं लागतं. त्या पोराच्या रकान्यात मी लिहिलं: ‘दशक सुटा करून वजाबाकी करतो. दुसरीतल्या मुलीला शिकवताना शिकला.’ पडताळणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे श्रेय नेमकं कुणाचं धरायचं? मी म्हटलं, दोघांचं धरा. रकाना एकाच नावाचा असतो, त्याला माझा इलाज नाही.

एक मेला निकाल वाटला की चौथी शाळा सोडून जाते. ती पोरं पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत, सायकलीवर. पहिलीच्या पोरांचे शेजारी एका दिवसात नाहीसे होतात आणि जूनला नवी पहिली रडत दारात उभी राहते. तेव्हा निकालाच्या दिवशीच मी तिसरीची यादी घेऊन बसतो. धीर कुणाला आहे, पाटी कोण ओढत नाही, दाराशी बसलेल्याला आत कोण ओढून घेईल. यंदा यादीत पहिलं नाव हंगामाहून आलेल्या त्या पोराचं आहे. दिवाळीनंतर तो असेलच असं नाही, म्हणून त्याच्या पुढं पेन्सिलीनं आणखी एक नाव लिहून ठेवलंय.