मूठ कधी वळते?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात सांधे दोघींचे दुखायचे. आईचे गुडघे, ताईची बोटं. तेल एक, गोळी एक आणि शेजारपाजारचं निदानही एकच: वात. आई सत्तरीला टेकलेली, ताई अडतीसची. पण "तुमच्या घराण्यातच आहे" म्हटलं की विषय संपायचा.

धंतोलीतल्या संधिवाततज्ज्ञांनी ताईला आधी विचारलं, "सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?"

"पोरांचे डबे होईस्तोवर वळतच नाही. कणीक हेच मळून देतात."

म्हणजे तासाच्या वर. आईचं तसं नाही. उठल्यावर चार पावलं अडखळते, पाच-दहा मिनिटांत सुरळीत. तिचं दुखणं संध्याकाळचं, जिना चढून-उतरून झाल्यावरचं. बसलं की बरं वाटतं. ताई बसली की उलट आणखी आखडते.

मग दोघींचे हात टेबलावर शेजारी-शेजारी. आईच्या नखांजवळच्या पेरांवर टणक गाठी. दाबल्या तरी हूं की चूं नाही. ताईची ती पेरं साफ. सूज मधल्या पेरांना, मुठीच्या उंचवट्यांना आणि मनगटांना, दोन्हीकडे सारखी, मऊ, हाताला गरम लागणारी. डॉक्टरांनी पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, तशी ती कळवळली. आईची कूर्चा झिजली आहे. ताईच्या सांध्यांच्या अस्तरावर तिचीच प्रतिकारशक्ती उठली आहे.

चिकनगुनिया झाला होता का, हेही विचारलं. नागपुरात हा प्रश्न हवाच. 2006 ची साथ इथे अजून आठवते, आणि त्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने असेच सुजतात. आमवातासाठीच्या रक्ततपासणीत ताईचा आरए फॅक्टर निगेटिव्ह होता. तेवढ्यावरून आधी एका ठिकाणी "काही नाही" म्हणून परत पाठवलं होतं. त्याच आजाराच्या दुसऱ्या रक्ततपासणीत अँटी-सीसीपी मात्र चांगलंच वाढलेलं निघालं. आरए फॅक्टर आजार असूनही निगेटिव्ह येतो, धडधाकट म्हाताऱ्यांत पॉझिटिव्हही येतो.

आईला मांड्यांचे व्यायाम, वजन कमी आणि खाली मांडी घालून बसणं बंद. (यावर ती अजून भांडते.) ताईला मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, कालनिर्णयवर दर रविवारी खूण. चुकून रोज घेतली तर हीच गोळी जिवावर बेतते, म्हणून डबी वेगळ्या कप्प्यात. गुण यायला काही आठवडे गेले.

ताईच्या दुखण्यात उशीर झाला तर हाड कुरतडलं जातं, आणि वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. सकाळचं आखडणं अर्ध्या तासापलीकडे जात असेल, बोटं सुजत असतील, तर तेलाची बाटली ठेवून द्या आणि संधिवाततज्ज्ञांना हात दाखवा.