तेरा हजार फुटांवरून पटाया

पटायाच्या किनाऱ्यावरून सकाळी कोह लार्न बेटाकडे निघणाऱ्या स्पीडबोटींत मराठी हमखास कानी पडते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील अनेक कुटुंबांचा पहिला परदेश प्रवास थायलंडचा असतो. बँकॉक मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांवर, तेथून पटाया मोटारीने सुमारे दोन तासांवर, आणि खर्चही निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेला मोठे भगदाड न पाडणारा. वाटेत बोट समुद्रातील एका तरंगत्या फलाटाशी थांबते. तेथे पॅरासेलिंग चालते. दोर बोटीला बांधलेला, छत्री आधीच उघडलेली. माणूस पतंगासारखा वर जातो आणि दोन-तीन मिनिटांत परत फलाटावर येतो. आजीपासून नातवापर्यंत सारे हा अनुभव घेतात. मात्र त्याच सहलीच्या पत्रकात शेवटच्या ओळीत ‘स्कायडायव्हिंग’ असे लिहिलेले असते, आणि ती ओळ बहुतेक जण वाचून पान उलटतात.

मराठी वाचकाला ती ओळ परकी वाटण्याचे कारण नाही. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्याच्या शीतल महाजन यांनी याच पटायाच्या आकाशातून, सुमारे १३,००० फुटांवरून, नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली. सव्वाआठ मीटर लांबीचे ते लुगडे अंगावर, त्यावर पॅराशूट, संपर्काचे उपकरण, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत बूट. हवेत ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने कोसळताना नऊवारीचा एखादा सैल पदर पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला असता, तर प्रसंग जिवावर बेतला असता. म्हणून साडी ठिकठिकाणी घट्ट बांधून घ्यावी लागली. वर्तमानपत्रांनी छायाचित्र छापले ते साडीचे. खरे कौतुक त्या बांधणीचे व्हावयास हवे होते.

त्या वेळी त्या जुळ्या मुलांच्या आई होत्या आणि सातशेहून अधिक उड्या त्यांच्या नावावर जमा होत्या. पहिली उडी १८ एप्रिल २००४ ची, तीही उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात, २,४०० फुटांवरून आणि त्याआधी सरावाची एकही उडी न मारता. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिका गाठले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून त्यांनी उडी घेतली.

सहलीला गेलेल्या पर्यटकाला असे काही करावयाचे नसते. त्याच्यासाठी ‘टँडेम’ ही सोय १९८० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. त्यात प्रशिक्षकाच्या पाठीवर दोघांना पुरेल एवढे मोठे पॅराशूट असते आणि प्रवासी त्याच्या छातीशी चार ठिकाणी, दोन खांद्यांपाशी व दोन कमरेपाशी, जखडलेला असतो. मुख्य छत्री दगा देईल तर दुसरी राखीव असते. प्रशिक्षकाची शुद्ध हरपली तरी ठरावीक उंचीवर वेग ओळखून राखीव छत्री आपोआप उघडणारे एक लहानसे यंत्रही त्यात बसविलेले असते. जमिनीवरचे शिक्षण अर्ध्या तासाचे: बाहेर पडताना पाय मागे, मान वर, हात छातीशी, उतरताना दोन्ही पाय समोर उचललेले. एवढेच नीट ऐकावे, बाकीचे प्रशिक्षक पाहतो.

त्यापूर्वी हाती काही पानांचा दस्तऐवज पडतो. गृहकर्जाच्या करारावर पानोपानी सही करताना ज्याने बारीक अक्षर वाचण्याचा कंटाळा केला नाही, त्यानेही सुट्टीच्या उत्साहात तो न वाचता सही केल्याचे दिसते. त्याचा आशय इतकाच असतो की धोका प्रवाशाचा, कंपनी जबाबदार नाही आणि वारसांनी दावा करू नये. अनेक प्रवास-विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो, तेव्हा टूर कंपनीने पॉलिसी काढली आहे एवढ्यावर विसंबू नये. निघण्यापूर्वी घरीच ते कलम शोधावे. वजनाची मर्यादा साधारण शंभर किलोच्या आसपास असते. हृदयविकार, मणक्याचे दुखणे किंवा निखळणारा खांदा असेल तर मोह टाळावा. आदल्या दिवशी बेटावर स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर निदान चोवीस तास उंचीवर जाऊ नये. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुडे धरतो. सहलीच्या घाईत हे दोन्ही कार्यक्रम सलग लावले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

या कागदापाशी डोंबिवलीकराचा हात थबकतो, यात गंमत आहे आणि दुःखही आहे. हाच माणूस वीस-पंचवीस वर्षे सकाळच्या जलद लोकलच्या दारात, एका हाताने दांडा धरून, अर्धे शरीर बाहेर ठेवून उभा राहिलेला असतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जण दगावले. त्यांचे पट्टे कोणी तपासले नव्हते, कोणी सही मागितली नव्हती. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या हिशेबाने टँडेममध्ये साधारण पाच लाख उड्यांमागे एक मृत्यू होतो. हा आकडा थायलंडचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही कल्याणच्या माणसाने तो एकदा आपल्या रोजच्या प्रवासाशेजारी मांडून पाहावा. घरची मंडळी विमानाला घाबरतात, सकाळच्या लोकलला डबा बांधून देतात.

चष्मा, घड्याळ आणि पाकीट खाली थांबलेल्या पत्नीच्या किंवा पतीच्या हाती सोपवून माणूस विमानात बसतो. वर जाण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. दार उघडले की गार वारा आत घुसतो. त्यानंतरचे पन्नास-साठ सेकंद पडल्यासारखे वाटत नाहीत. जवळ काहीच नसल्याने वेग कळत नाही. कळतो तो केवळ आवाज आणि गालांवरचा वाऱ्याचा मारा. सुमारे ५,००० फुटांवर छत्री उघडते आणि सारा आवाज एकदम थांबतो. मग पाच-सात मिनिटे खाली अननसाची आणि टॅपिओकाच्या कंदाची शेते, लाल मातीचे रस्ते, पलीकडे थायलंडचे आखात. ज्या साबुदाण्याची खिचडी ठाण्याच्या घरोघरी होते, तो ज्या कंदापासून बनतो त्याचीच ही शेते, हे वरून पाहताना कोणाच्या लक्षात येत असेल का?

आपल्याकडे अशी उडी घ्यावयाची तर हरियाणातील नारनौलपर्यंत जावे लागते. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली होती. तिच्यावरून आज विमान उडत नाही, जमिनीचा वाद मात्र २०१७ मध्ये रस्त्यावर आला. आकाशाची ओढ असलेल्याला जवळचे ठिकाण म्हणजे मावळातले कामशेत. तेथे पॅराग्लायडिंग चालते, पावसाळ्यात बंद असते, आणि प्रशिक्षकाबरोबर दोघांच्या छत्रीतून उडता येते. कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने लोणावळ्याला उतरावे. तेथून पुणे लोकल कामशेतला थांबते. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारी ऊन चढल्यावर हवा खळबळू लागते आणि नवख्यांना डोंगरावर ताटकळत बसावे लागते.