कैवाऱ्याचे काम

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वकिलीचा काळा कोट अंगावर चढवलेल्या माणसालाही ती दिवसातून एकदा तरी ऐकावी लागते. या म्हणीत अनुभव आहे, हे नाकारता येत नाही. तारखा, खर्च, मनस्ताप आणि भाऊबंदकीत कायमचे पडलेले अंतर हे सारे तिच्या पाठीशी आहे. तरीही कोल्हापूरच्या न्यायालयात वावरताना आम्हाला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. ही म्हण धनदांडग्यांना कधीच अडवत नाही. ती अडवते विधवेला, शेतमजुराला, माहेरी परत आलेल्या लेकीला. ज्याला पायरी चढण्याची खरी गरज असते, तोच शहाणा ठरण्याच्या भीतीने खाली उभा राहतो.

सनद मिळाल्यावर आम्ही जिल्हा बार असोसिएशनचे सभासद झालो, तेव्हा संघटनेकडून आमच्या अपेक्षा माफकच होत्या. बसायला जागा, चाळायला ग्रंथालय, अडल्या वेळी चार शब्द सांगणारे ज्येष्ठ वकील आणि दरवर्षीच्या निवडणुकीतली हौस. व्यावसायिकांची संघटना व्यावसायिकांसाठी असते, असाच आमचा समज होता. पण कोल्हापूरच्या मातीला एक निराळी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी याच संस्थानात अस्पृश्य समाजातील शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्यांच्या वतीने कोणी बोलत नव्हते, त्यांच्यातूनच बोलणारा उभा करायचा, हा त्यामागचा विचार होता. सनद म्हणजे केवळ पोटापाण्याचा परवाना नव्हे, याची जाणीव या शहराने पूर्वीच करून दिलेली आहे.

त्या जाणिवेला पुढे कायद्याचेही बळ मिळाले. १९७६च्या घटनादुरुस्तीने गरिबांना मोफत विधी साहाय्य देण्याचे तत्त्व राज्यघटनेत ‘३९ अ’ या अनुच्छेदाने आले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. बालकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना, कोठडीतील माणसाला आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांनी उद्ध्वस्त झालेल्यांनाही हा हक्क आहे. पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि तो राधानगरीच्या एखाद्या वाडीपर्यंत पोहोचणे वेगळे. त्या मधल्या अंतरात वकील संघटनेचे काम सुरू होते.

कायदेविषयक साक्षरता शिबिरांना आम्ही जाऊ लागलो, ते प्रथम ज्येष्ठांचा शब्द मोडवेना म्हणून. गावच्या शाळेत किंवा देवळाच्या मंडपात सतरंज्या अंथरलेल्या असत. पुढे पुरुष, मागे पदर सावरून बसलेल्या बाया. भाषणे होत, पुरुष सातबारा, बांध आणि वारसनोंदी यांविषयी विचारीत. बायांचे प्रश्न मात्र सभा उठल्यावर, चपला शोधताना येत. अशाच एका शिबिरानंतर एक मध्यमवयीन बाई थांबली. भावांनी हक्कसोडपत्र तयार केले होते आणि दुसऱ्या दिवशी तिला सही करायला बोलावले होते. २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, हे आम्ही तिला उत्साहाने समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सही न्हाई केली तर माहेर तुटंल, सायेब. ते कोर्ट देतंय का परत?”

या प्रश्नाला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही. न्यायालय हिस्सा देऊ शकते, माहेर देऊ शकत नाही. मात्र कागद वाचून घेतल्यावाचून अंगठा किंवा सही द्यायची नाही, भावांना सोबत घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीपुढे बसता येते, आणि तिथे तडजोड झाली तर वैरही राहत नाही, इतके आम्ही तिला सांगू शकलो. ती त्या रात्री सही न करण्याचे ठरवून गेली. पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. सेवेच्या कामात बहुतेक गोष्टींचा शेवट आपल्याला दिसत नाही, हे तेव्हापासून आम्ही स्वीकारले आहे.

घरी परतताना मात्र मनात आपल्याच समाजाचा विचार आला. आपण ख्रिस्ती कुटुंबे १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतो. मृत्युपत्र नसेल, तर पतीच्या मागे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना समान, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. केरळातील त्रावणकोर भागात ख्रिस्ती मुलींना हा न्याय मिळत नव्हता. मेरी रॉय या शिक्षिकेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ साली तो मिळवला. आपल्याकडे कायदा आधीपासून मुलीच्या बाजूने आहे. तरी किती घरांत लग्नाचा खर्च म्हणजेच तिचा वाटा, असे गृहीत धरून तिच्यापुढे कागद सरकवले जातात? रविवारी मिस्साबलीला शेजारी बसणाऱ्या बहीण-भावांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

शिबिरांपाठोपाठ कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातही जाणे झाले. अखेरच्या न्यायाच्या वेळी प्रभू ज्या सत्कृत्यांविषयी विचारणार आहे, त्यांत तुरुंगातील भेटही आहे, हे लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले. तिथे गेल्यावर त्याचा अर्थ कळला. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्यामुळे आत राहिलेली माणसे असतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमानुसार, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि आरोपी पहिल्यांदाच अडकलेला असेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला सोडण्याची तरतूद आहे. मात्र त्याच्यावर आणखी गुन्हे प्रलंबित नसावेत. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू आहे. ज्याला दिवस मोजून अर्ज लिहून देणारे कोणी नाही, त्याला तिचा काय उपयोग? तो अर्ज लिहिणे हे अर्ध्या तासाचे काम असते, आणि त्याच्यासाठी ते साऱ्या जगाएवढे असते.

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने शहर आणि नदीकाठची गावे वेढली, तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरांतून भिजलेले कागद बाहेर आले. शिधापत्रिका, खरेदीखते, शाळेचे दाखले. पंचनाम्यात नाव नाही म्हणून मदत नाही, आणि कागद नाही म्हणून नाव नाही, अशा फेऱ्यात लोक सापडले. अन्नाची पाकिटे वाटणारे हात पुष्कळ होते. अर्ज लिहून देणाऱ्या हातांचीही तितकीच गरज होती.

अंतराचा विचार निघाला की कोल्हापूरच्या वकिलांना एक मोठे अंतर आठवतेच. उच्च न्यायालयातील अपिलासाठी चंदगडचा किंवा आजऱ्याचा शेतकरी कागदांची पिशवी उराशी धरून, रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठीत असे. तारीख पुढे गेली की तसाच परत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी येथे खंडपीठ व्हावे, म्हणून वकिलांनी चार दशके लढा दिला. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. तो आनंद खरा होता. या लढ्यात कामकाजापासून अलिप्त राहण्याचे दिवसही आले, आणि त्या दिवसांत कोठडीतल्या माणसाचा जामीन थांबतो, हेही तितकेच खरे. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले, त्यामागे हीच व्यथा आहे. ज्याच्यासाठी लढायचे, त्याचीच वाट अडू नये, याचे भान प्रत्येक संघटनेला ठेवावे लागते.

तेराव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ईवो नावाचे धर्मगुरू होऊन गेले. ते कायद्याचे पंडित होते, न्यायदानही करीत, आणि गरिबांचे दावे विनामूल्य चालवीत. १३०३ साली ते निवर्तले आणि १३४७ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. वकिलांचा हा आश्रयदाता संत, त्याचा सण १९ मे रोजी येतो. आपल्या मराठी बायबलमध्ये पवित्र आत्म्यासाठी ‘कैवारी’ हा शब्द योजला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, साहाय्यासाठी जवळ बोलावलेला. वकिलासाठीही तोच शब्द वापरीत. आम्हाला या शब्दातील ‘जवळ’ महत्त्वाचे वाटते. कैवारी दुरून सल्ला देत नाही, तो शेजारी येऊन उभा राहतो.

आता सहा जिल्ह्यांचे अंतर कमी झाले आहे. उंबरठ्यापासून पायरीपर्यंतचे अंतर मात्र अजून तेवढेच आहे, आणि ते एकट्या वकिलांनी मिटणारे नाही. आपल्या धर्मग्रामात कोणाला नोटीस आली असेल, कोणी विधवा वारसनोंदीसाठी खेटे घालत असेल, तर तिला जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचे दार दाखवा. १५१०० हा मोफत दूरध्वनी क्रमांक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर लावा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायशुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते, हे भांडणाऱ्या भावांना सांगा. आणि जमले तर त्या विधवेबरोबर स्वतः जा. कायद्यातले काही कळत नसले तरी चालेल. पायरी चढताना सोबतीला एक माणूस असला, म्हणजे ती फारशी उंच वाटत नाही.