रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

नंदुरबारहून सुरतेकडे निघालेली गाडी नवापूरला थांबते, तेव्हा तिचे काही डबे महाराष्ट्रात असतात आणि काही गुजरातेत. राज्यांची हद्द स्टेशनातूनच जाते. खिडकीबाहेर मात्र दोन्हीकडे सारखंच दिसतं. तूर, भात कापून रिकामी झालेली खाचरं आणि ऐन वावरात उभा मोह. नांगर त्याला वळसा घालून जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलं आणि नंतर टोळंबीचं तेल देणारं झाड भिल्ल, कोकणा किंवा गामित शेतकरी कशाला तोडेल? बांधावर साग, पळस, ताड. जुन्या खोडांच्या ढोलीत पोपट आणि पिंगळे. शेत कुठे संपलं नि रान कुठे लागलं, हे इथे सांगता येत नाही. वनखात्याला हे अडचणीचं वाटत असेल, मला बरं वाटलं.

सोनगडला टेकडीवर पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला दिसतो. बडोद्याचं वैभव नंतरचं, गायकवाडांनी आधी बस्तान बसवलं ते या रानात. व्यारा मागे पडला की झाडं विरळ होऊ लागतात. काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पुरं झालेलं उकाई धरण यांच्या कालव्यांनी खालच्या पट्ट्यात ऊस आणला. बारडोलीला पैसा आला, यात वाद नाही. पण उसाला सावली खपत नाही.

सुरतेत थंडीच्या दिवसांत पोंक खावा. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. उंधियूची पापडी एकेकाळी कतारगामची नावाजलेली. आज त्या कतारगाममध्ये हिऱ्यांना पैलू पाडतात, पापडी बाहेरच्या गावांतून येते. भाजीवाले नाव मात्र कतारगामचंच घेतात. हमरस्त्यावर मडक्यात भाजलेलं उंबाडियूं मिळतं. रायगडची पोपटी खाल्लेल्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. कंद, रताळी, वाल ही सगळी परसातली आणि बांधावरची पिकं.

तिथून मी तापीकाठच्या मांडवीला गेलो, एका चोरीपायी. सुरतेच्या लुटीवर आपण मराठी माणसं तासन्‌तास बोलतो, ही चोरी कुणाच्या गावी नाही. जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात रानपिंगळे टिपून त्यांचे नमुने जपले होते. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज पक्षिसंग्राहकाने त्यातला एक ब्रिटिश संग्रहालयातून लांबवला, त्यात नव्याने भुसा-कापूस भरला आणि चिठ्ठी लावली: मांडवी, १९१४. पक्षितज्ज्ञांच्या नोंदींत हा पत्ता कित्येक दशकं तसाच राहिला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी १९९९ साली ही लबाडी पुराव्यासकट मांडली. त्याआधी, नोव्हेंबर १९९७मध्ये, रासमुसेन आणि सोबत्यांना रानपिंगळा जिवंत सापडला होता, तोही शहाद्याजवळ, याच तापीच्या खोऱ्यात. १८८४ नंतरची ही पहिली खात्रीची नोंद. पक्षी गर्द अरण्यातला नव्हे, सागाच्या उघड्या, विरळ रानातला. मधेमधे शेतं असली तरी त्याचं भागतं, ढोली देणारी जुनी झाडं मात्र हवीत.

पुढे तो डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही दिसला. मांडवीहून डांग फार लांब नाही. चोराला नकाशा बऱ्यापैकी कळत होता म्हणायचा.