उंबऱ्यावरचा पालक

मूल आपल्या आईच्याच घरी असते. तिच्याच हातचे जेवते, त्याच दाराने शाळेत जाते आणि संध्याकाळी त्याच दाराने परत येते. तरीही त्या घरात न दिसणारा आणखी एक पालक वावरत असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टनुसार न्यायालयाने ‘केअर ऑर्डर’ दिली, की स्थानिक प्राधिकरणाकडेही त्या मुलाचे पालकत्व येते. आईवडिलांचे पालकत्व त्यामुळे नष्ट होत नाही. मात्र ते कुठवर वापरावे हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाला मिळतो. असा आदेश असलेली मुले बहुधा परक्या कुटुंबांत वाढतात. काही मात्र आपल्याच घरी राहतात. त्यांना महिनाभर परदेशी आजोळी न्यायचे झाले, तरी प्राधिकरणाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते.

हा आदेश उगाच येत नाही. मुलाला गंभीर अपाय झालेला असतो किंवा होण्याचा संभव असतो, आणि त्याचे कारण घरच्या संगोपनात असते. मार, व्यसन, उपासमार, दुर्लक्ष यांच्या नोंदी त्या कागदांत असतात. त्या वाचणाऱ्याने प्राधिकरणाच्या धास्तीला हसू नये. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण इथे फुंकणारा एक आणि भुकेलेला दुसराच!

कुणी संपवला नाही, तर हा आदेश मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालतो. मग तो संपवावा केव्हा? पालक निर्दोष ठरल्यावर, असे उत्तर सहज सुचते. परंतु कायद्याची कसोटी तशी नाही. मुलाचे हित हाच तेथे सर्वोच्च विचार आहे. जुना धोका पुरता निवळल्याचे आईने सिद्ध करावे, अशी अट नाही. विचारायचे ते इतकेच, की हा आदेश राहिल्याने आज या मुलाला नेमके काय मिळते?

बारकाईने पाहिले, तर मिळते ती मुख्यतः एक सत्ता : आधी न्यायालयात न जाता मूल घरातून हलवण्याची. साध्या देखरेखीच्या आदेशात ती नसते. ही सत्ता आज ना उद्या खरोखर वापरावी लागेल असा धोका घरात असेल, तर मूल तेथे ठेवलेच कसे? आणि तसा धोका नसेल, तर ती टांगती तलवार कशासाठी? पुष्कळदा उत्तर येते, की आदेश गेला तर मदतही जाईल. हे उत्तर प्रामाणिक असते, पण दुबळेही असते. गरजू मुलाला आदेशाविना साहाय्य देण्याचे कर्तव्य त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात आहे. त्या कर्तव्याला हात आखडतो, म्हणून आईचे अधिकार गहाण का राहावेत?

२०२३ मध्ये अपील न्यायालयात सर अँड्र्यू मॅकफार्लेन यांनी नेमके हेच स्पष्ट केले : घरी राहणाऱ्या मुलावर असा आदेश अपवादानेच असावा, केवळ सेवा पुरवण्याचे साधन म्हणून तो वापरू नये. देशाच्या उत्तर-पश्चिमेकडील न्यायालये असे आदेश सर्रास देत, लंडन व आग्नेयेकडील क्वचितच देत. मुलाचे नशीब तो कोणत्या गावी जन्मला यावर ठरावे, हे विचित्रच! तो निकाल प्रामुख्याने नव्या आदेशांविषयी होता. आधीच दिलेले आदेश मात्र कुणीतरी अर्ज करीपर्यंत तसेच राहतात.

हा अर्ज आई करू शकते, प्राधिकरण करू शकते, आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप ते मूलही करू शकते. खरे तर प्राधिकरणानेच पुढे यावे. दर आढाव्यात ‘घरी सर्व ठीक’ अशी नोंद करणाऱ्याला अर्जाचे कारण निराळे शोधावे लागत नाही. आईला मात्र तो अर्ज म्हणजे बंद झालेली जखम उघडणे वाटते. जुने कागद पुन्हा वाचले जातील, या भीतीने ती गप्प बसते. अर्ज फेटाळला गेला, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय सहा महिने पुन्हा करता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या हिशेबी ती एक अख्खी इयत्ता असते.