स्वतंत्रपूरला जाऊन आले!

मुलांनो, सहलीला गेलात की तुम्ही काय पाहता? किल्ला, धरण, देऊळ, फार तर साखर कारखाना. पण तुरुंग पाहायला कुणी जातं का? मी गेले! आणि गंमत म्हणजे त्या तुरुंगाचं नाव आहे स्वतंत्रपूर.

तिथं जावंसं का वाटलं, ते आधी सांगते. माझ्याकडं चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा. नववीत असताना तो दोन मोठ्या मुलांच्या नादी लागला आणि एका दुकानातून मोबाईल उचलला. लगेच पकडला गेला. पुढं रीतसर जे व्हायचं ते झालं, मोबाईल परत गेला, मुलगाही घरी आला, शाळेत जाऊ लागला. पण वर्गात त्याच्या बाकावर कुणी बसेना. डबा खायला सगळे गोल करून बसायचे, तो बाहेर. कुणाचं पेन हरवलं, की साऱ्या माना त्याच्याकडं वळायच्या. एका संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मला तिकडंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

त्याचं नाव-गाव मी सांगणार नाही हं! ते छापायला कायद्यानंच मनाई आहे. का, ते पुढं कळेल.

त्याचं वाक्य काही डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत मी पिशवीत भाकरी बांधून घेतली आणि विट्याहून आटपाडीच्या एस.टी.त बसले.

हा सगळा माणदेश. पावसानं कायम हात आखडता घेतलेला मुलूख. खिडकीतून माळ, बाभळी, मेंढरांचे कळप आणि मधेच डाळिंबाच्या हिरव्यागार बागा दिसतात. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोघे भाऊ याच मातीतले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर आठवतो ना? तो ज्या औंध संस्थानात नोकरीला होता, त्याच संस्थानात तेव्हा आटपाडी होती.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मोठे हौशी. स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचा त्यांनी गावोगाव प्रसार केला. औंधचं चित्रांचं संग्रहालय त्यांनीच उभारलं. त्यांच्या दरबारी एक परदेशी पाहुणा आला, मॉरिस फ्रीडमन. मूळचा पोलंडचा इंजिनिअर, पण गांधीजींच्या विचारांनी भारून गेलेला. सुधारलेले चरखे बनवायचा. पुढं लोक त्याला 'भारतानंद' म्हणू लागले. शिक्षा भोगणारी माणसं कोठडीत कुजवण्यापेक्षा त्यांना माळावर आणावं, जमीन कसायला द्यावी, बायकामुलांसह राहू द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. राजेसाहेबांनी 'हो' म्हटलं आणि १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ ही वसाहत उभी राहिली. विचार करा, ज्यांच्यावर खुनासारखे गुन्हे शाबीत झालेत अशांनाही मोकळ्या रानात सोडायचं! लोकांनी राजाला वेड्यात काढलं नसेल तरच नवल.

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. एक जेलर आणि सहा कैदी, म्हणून दोन डोळे आणि बारा हात. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. तुमच्यापैकी कितीतरी जण परिपाठाला जी हिंदी प्रार्थना म्हणतात, ती भरत व्यासांची प्रार्थना याच चित्रपटातली बरं का!

१९४८ साली औंध संस्थान विलीन झालं, पण स्वतंत्रपूर काही विलीन झालं नाही. आज ते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडं आहे. दुसऱ्या तुरुंगात काही वर्षं काढलेल्या आणि तिथं नीट वागलेल्या कैद्यांना निवडून इथं पाठवतात.

आत जायला परवानगी लागते. शिवाय कुणाच्या घरादारात असं डोकावणं मलाही बरं वाटेना. म्हणून मी रस्त्यावरूनच पाहिलं. येरवड्यासारखा उंच तट शोधत होते, तो दिसलाच नाही. दिसली साधी घरं, शेतं, पिकाला पाणी पाजणारा एक माणूस आणि दोरीवर वाळत घातलेला लहान मुलीचा फ्रॉक. त्या फ्रॉककडं मी कितीतरी वेळ बघत राहिले.

परत येताना आटपाडीत चहा घेतला. चहावाल्याला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

तो कप विसळत म्हणाला, "भ्या कशाचं बाई? मान्संच की ती. त्येंची पोरं आमच्या पोरांसंगं खेळत्यात."

मुलांनो, इथं माझी ट्यूब पेटली! स्वतंत्रपूरचा कैदी पळून का जात नाही? त्याचं पीक शेतात उभं असतं, त्याची मुलं घरी वाट पाहत असतात आणि शेजारचं गाव त्याला माणूस म्हणतं. भिंतीचं काम ही तीन माणसंच करतात म्हणा ना: घरचा, शेजारी आणि तो स्वतः.

आता तुमच्या वयाच्या मुलांकडं वळू. १८ वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा घडला, तर त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. २०१५च्या बाल न्याय कायद्यात त्याला 'गुन्हेगार' म्हणतच नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण अर्थ साधा: कायद्याशी ज्याची टक्कर झाली असं मूल. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांतली एक तरी स्त्री असावीच लागते. मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशनाला बसवू शकतं, आईवडिलांच्या हवाली करून परिविक्षा अधिकाऱ्याला लक्ष ठेवायला सांगू शकतं. १४ वर्षांवरच्या मुलाला समाजसेवाही देता येते: बाग राखणं, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत. विशेष गृहात ठेवायचं, तर जास्तीत जास्त तीन वर्षं. १६ ते १८ वयाच्या मुलानं अतिशय भयंकर गुन्हा केला असेल, तर मात्र मोठ्यांसारखा खटला चालू शकतो.

"पण बाई, ज्याचा मोबाईल गेला त्याचं काय?" असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं! चूक ती चूकच. माझा विद्यार्थी काही महिने, ठरलेल्या दिवशी, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेतल्या आजी-आजोबांना मदत करत होता. पहिल्या दिवशी मान खाली. नंतर एक आजी त्याचीच वाट बघत बसायला लागल्या. कोठडीच्या गजांमागून कुणाचं काही भरून देता आलं असतं का?

कायदा त्याचं नाव झाकतो, जुनी नोंद पुढं त्याच्या आड येऊ नये असंही पाहतो. पण वर्गातल्या बाकाचं काय? तिथं कायदा पोचत नाही. तिथं तुम्ही असता. मंडळ मुलाला समाजात परत पाठवतं, म्हणजे कुणाकडं हो? तुमच्या-माझ्याकडंच. आपण दार लावलं, की बिनभिंतीचा तुरुंग तयार झालाच! आणि मग ती दोन मोठी मुलं कोपऱ्यावर उभी असतातच, त्याला बोलवायला.

परवा तो भेटला. आता दहावीत आहे. मी विचारलं, "काय रे, बाकावर बसतं का कुणी?"

"एक जण बसतो बाई," तो हसून म्हणाला, "पण फक्त गणिताच्या तासाला. त्याला गणित येत नाही ना!"

चला, सुरुवात तर झाली! तुमच्या वर्गात असा एखादा रिकामा बाक आहे का? उद्या जरा बघा बरं.